दहा ते सहाच्या दरम्यान

बँकेकडून घराची किंमत ठरवायला माणूस येणार म्हणून आम्ही दोन दिवस जी तयारी केली, तिचा त्या किमतीशी काही संबंध नव्हता. ज्याचा होता, त्याची तयारी केलीच नाही, कारण ते कोणी सांगितलं नाही.

कोथरूडमधला आमचा फ्लॅट 2013 साली घेतलेला, 1994 च्या इमारतीतला. कर्ज दुसऱ्या बँकेत वळवायचं आणि लेकीच्या शिक्षणासाठी थोडं टॉप-अप घ्यायचं असं ठरलं. बँक म्हणाली, ‘टेक्निकल व्हिजिट होईल.’ शुल्क आधीच भरून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला, ‘मॅडम, उद्या व्हॅल्युएशनला येतोय, लोकेशन टाका.’ किती वाजता? ‘दहा ते सहाच्या दरम्यान.’

पडदे आम्ही फोन यायच्या आधीच धुतले होते. माळाही आवरला होता. शनिवारी ह्यांनी सुट्टी घेतली. सासूबाईंना जेवणानंतर दोन तास आडवं व्हावंच लागतं, कंबर धरते. पण पाहुणा केव्हाही येईल म्हणून त्या इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसून राहिल्या. मी दोनदा म्हटलं, तुम्ही पडा, मी उठवते. त्या नाही म्हणाल्या. परका माणूस घरात शिरणार आणि आपण अंथरुणात, हे त्यांना पटत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. चार तासांची वेळ सांगितली असती तरी त्यांना जरा पडता आलं असतं.

तो आला चार चाळीसला. तरुण मुलगा, सकाळपासून वाघोली, आंबेगाव करत आलेला, घामाने भिजलेला. त्याच्यावर माझा राग नाही. घरात तो बारा मिनिटं होता. पडद्यांकडे त्याने पाहिलं नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं. पडदे, फर्निचर घरासोबत विकलं जात नाही, त्याची किंमत धरत नाहीत.

त्याला काय हवं होतं? सोसायटीच्या नामफलकाचा फोटो. फलकासमोर टेम्पो उभा होता. वीजमीटरचा फोटो, ग्राहक क्रमांकासह. मीटरच्या खोलीला कुलूप आणि वॉचमन चहाला गेलेला. मंजूर नकाशाची प्रत. ती सोसायटीच्या कपाटात, आणि सेक्रेटरीकाका चिपळूणला. भोगवटा प्रमाणपत्र आमच्या फाइलमध्ये होतं, पण सापडेपर्यंत त्याच्या बारा मिनिटांतली चार गेली. बेडरूमच्या छतावरची ओल त्याने पाहिली, टिपून घेतली. ती पाहायलाच हवी. पण गेल्याच वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, त्याची पावती माझ्याकडे होती. ती दाखवायची असते हे मला तो जिना उतरून गेल्यावर सुचलं.

हे सगळं एका कागदावर मावतं. शुल्काच्या पावतीसोबत बँकेने तो कागद पाठवला असता तर आमचे दोन दिवस वाचले असते आणि त्याचीही खेप नीट झाली असती.

मापाचं दुखणं याहून मोठं आहे. इंडेक्स टूमध्ये आमचं क्षेत्र 57.6 चौरस मीटर, म्हणजे 620 चौरस फूट, बिल्ट-अप. त्याने लेझरचं यंत्र भिंतीला टेकवलं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला, आकडा लिहिला, पुढची खोली. कपाटामागची जागा अंदाजाने. हॉलमध्ये आधीच्या मालकांनी सामावून घेतलेली बाल्कनी आहे, चार फूट बाय दहा. आम्ही घर घेतलं तेव्हाच ती तशी होती. मंजूर नकाशात ती बाल्कनी असणार, म्हणून तो म्हणाला, ‘काकू, हे डेव्हिएशनमध्ये जाईल.’ जाऊ दे, नियम आहे. पण 2016 च्या रेरा कायद्यातली कार्पेटची व्याख्या बाल्कनी वगळते, तशीच घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरते. लेझरचा ठिपका खोलीपुरताच जातो, भिंतीच्या पोटात जात नाही. मी विचारलं, आतल्या भिंती धरल्या का? ‘ते ऑफिसमध्ये करतात.’

ऑफिसात त्यांनी काय केलं, हे मला आजवर कळलेलं नाही. शुल्क भरलं मी, पण अहवाल बँकेचा. प्रत मागितली तर ‘ती अंतर्गत असते’ असं उत्तर मिळालं. आणि हा अहवाल म्हणजे नुसता सोपस्कार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 75 लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे त्या आकड्यावर लेकीची फी अवलंबून, आणि तो बरोबर आहे का हे तपासायची सोय मला नाही. अमेरिकेत राहणारी माझी नणंद सांगते, तिथे 2014 पासून घराच्या पहिल्या गहाणाच्या कर्जात मूल्यांकनाची प्रत कर्जदाराला न मागता द्यावी लागते. इथेही तसंच व्हायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

फोटोंबद्दलही बोलायचं आहे. दारात मला उभं करून एक काढला. ओले हात, खांद्यावर टॉवेल. मग स्वयंपाकघर, बाथरूम, वाळत घातलेले कपडे, मागे देवघर. घर खरंच आहे आणि त्यात कोणी राहतं, हे बँकेला कळायला हवं, मान्य. पण मांडीवर हात ठेवून बसलेल्या सासूबाई एका फोटोत आल्या आहेत, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. त्या रात्री जेवताना म्हणाल्या, ‘माझा फोटो आता कुठे जाईल गं?’ मला उत्तर देता आलं नाही.

परवा बँकेतून फोन आला. मीटरचा फोटो नाही, नामफलकाचा दिसत नाही, पुन्हा व्हिजिट लागेल. मंगळवारी. मी मीटरच्या खोलीची किल्ली वॉचमनकडून आणून खिळ्याला लावली आहे. सेक्रेटरीकाकांकडून नकाशाची प्रत आणली, वॉटरप्रूफिंगची पावती तिला टाचली, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. सासूबाईंची खोली त्या दिवशी बंद राहील, तिचा फोटो पहिल्याच खेपेत झाला आहे. बँकेला मेल लिहून एवढंच विचारलं आहे की मंगळवारी किती वाजता. अजून उत्तर आलेलं नाही.