बरं झालं मामा

लातुरात गल्लीतल्या कुणाचा पाय मोडला, की हाडाच्या डॉक्टरआधी मामा खाटेपाशी हजर असतात. प्लास्टर बोटानं वाजवून बघतात आणि म्हणतात, "बरं झालं बगा, डावाच हाय." उजवा असता तर काय झालं असतं ते मग सविस्तर सांगतात. त्यानंतर दोन्ही मोडले असते तर. त्यानंतर मणका. मणक्यापर्यंत विषय आला की पेशंट एकाच पायावर भागल्याबद्दल ओशाळून छताकडे बघत पडतो, आणि मामा त्याच्यासाठी आणलेली मोसंबी सोलायला घेतात.

मामा मूळचे लोह्याकडचे, नांदेड जिल्ह्यातले. एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झाले आणि लातुरातच घर बांधून राहिले. माझा अंदाज असा, की ही सवय त्यांना स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीनं लावली. "सायेब, नांदेड कवा लागंल?" याला खरं उत्तर त्यांच्यापाशी नसायचं. मग ते म्हणायचे, "गाडी लेट हाय ते बरंच झालं, तवर चहा होईल तुमचा." आयुष्यभर दुसऱ्याच्या उशिरातून चांगलं काढलं. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, तोंड तेच राहिलं.

आहे त्यात सुख मानावं, मिळालेल्याचे उपकार मानावेत, यात वाईट काहीच नाही. माझी तक्रार एवढीच, की मामा ते दुसऱ्याच्या वतीनंही मानून टाकतात. शिकवणीच्या 'लातूर पॅटर्न'साठी नावाजलेल्या या गावात डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला की निम्म्या गल्लीत पेढे आणि निम्म्या गल्लीत दारं बंद. मामा नेमके बंद दार वाजवतात. गेल्या खेपेला निलंग्याकडचा एक बाप लेकराच्या खोलीवर येऊन बसला होता, सोयाबीन विकून क्लासची फी भरलेला. मामा त्याला म्हणाले, "बरं झालं मालक, नंबर हुकला. डॉक्टरला रातची झोप नसतीया." त्या गृहस्थानं मामांना फाटकापर्यंत पोचवलं. दंडाला धरून. "माणूस मायाळू हाय," असं मामांनी येऊन सांगितलं.

मागच्या दिवाळीला पुण्याहून सून आली ती मामांसाठी डायरी घेऊन. प्रत्येक पानावर छापलेलं : 'आज मी यासाठी कृतज्ञ आहे', खाली पाच ओळी. सून शिकलेली, तिनं सगळं समजावून सांगितलं. एमन्स आणि मॅककुलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तो 2003 मध्ये छापून आला. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, ज्यांचे उपकार वाटतात अशा पाचेक गोष्टी लिहायच्या. लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं, दुखण्याखुपण्याची कुरकुरही कमी झाली. त्याच प्रयोगात दुसऱ्या एका गटाला रोजच्या कटकटी लिहायला सांगितल्या होत्या, हेही ती बोलून गेली. मामी भाजी निवडत होत्या. "मला त्या गटात घाला," म्हणाल्या, "पण पाच ओळीत माझं भागायचं न्हाई."

मामांना आठवड्यातून एकदा परवडेना. ते रोज लिहू लागले, नंबर घालून, स्टँडवरच्या रजिस्टरसारखं. एक पान मी पाहिलंय. '1. नळ आला. 2. पहाटे अडीचला आला, त्यामुळे मोटर लावायला शेजाऱ्यांची गर्दी नव्हती. 3. लाइट नव्हती, त्यामुळे मोटरचं बिल वाचलं. 4. हिनं बादलीनं पाणी भरलं, हिचा व्यायाम झाला. 5. मला जाग आली नाही.' चौथ्या ओळीवर मामींनी आमटीचा हात पुसलेला दिसत होता.

पाण्याच्या बाबतीत लातूरकरांना उपकार मानायला कुणी शिकवायला नको. 2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं, आणि मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, 144 कलम! मामा म्हणाले, बरं झालं, रांगेत भांडणं होणार न्हाईत. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मामा हार घेऊन स्टेशनकडे गेले. पुढाऱ्यांच्या गर्दीत इंजिनापर्यंत काही पोचता आलं नाही, म्हणून हार तिथल्याच एका हमालाच्या गळ्यात घालून आले. घरी मामींचा हिशोब तयार होता. गावात माणसं पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे आपल्या दोघांच्या वाट्याला अडीच लिटर. "आंघोळ तुम्ही करता का मी करू?" मामा म्हणाले, "तू कर." आणि डायरी नसतानाही असं काही बोलले, की मामींनी त्यांना पुढे दोन दिवस चहा दिला नाही.

एका विषयावर मात्र मामांचं हे यंत्र चालत नाही. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या रात्रीची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं मातीच्या माळवदांखाली गेली. मामा तेव्हा लातूर डेपोतच होते. काय पाहिलं ते कधी सांगत नाहीत. एकदा पारावर कुणीतरी बोलून गेलं, की एका अर्थी बरंच झालं, बावन्न गावं नव्यानं वसली, पक्की घरं मिळाली. मामा चप्पल शोधू लागले. सापडेना, तर अनवाणीच घरी गेले. त्या माणसाशी ते अजून बोलत नाहीत, आणि त्याचा पाय मोडला तेव्हा गेले नाहीत. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला असणार, ते सोडा.

वर्षातून एकदा मामा-मामी दोघं नांदेडला जातात, सचखंड गुरुद्वारात माथा टेकायला. लंगरच्या पंगतीत मामा वाढणाऱ्या प्रत्येक सेवादाराचे हात धरून आभार मानतात, त्यामुळे डाळ पुढं सरकत नाही आणि मागची पंगत माना उंचावून बघू लागते. मामी जेवल्या की काही न बोलता भांड्यांकडे जातात. म्हणजे बोलतात, पण ताटांशी : किती ही भांडी, कोण एवढं खातंय, कंबर काय लोखंडाची हाय का. तासाभरानं मामा बोलवायला गेले तर, "थांबा की, एवढी रास उरकू द्या." मला विचाराल, तर त्या अमेरिकन विद्वानांनी दुसरा गट नीट तपासला नाही.

परवा गेलो होतो. डायरी मामींच्या ताब्यात गेली होती. मामांची कृतज्ञता फेब्रुवारीतच आटली, पुढची पानं कोरी, आणि कोरा कागद वाया घालवणं मामींना जमत नाही. 'आज मी यासाठी कृतज्ञ आहे', आणि खाली मामींचं वळणदार अक्षर : 'दूधवाला खाडा. भंगारवाल्यानं वीस रुपये कमी दिले. सिलिंडर सांगून आठ दिवस. गावाकडून आलेल्या तुरीला कीड.' शेवटच्या ओळीपुढं समासात लाल शाईनं मामांनी भर घातली होती : 'म्हणजे तूर बिगर औषधाची आहे.'

मामींनी ते वाचलं. आत गेल्या, तुरीचं पोतं ओढत आणलं, मामांच्या पुढ्यात सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "निवडा."