रोषणाईच्या माळा कस्टम्समधून सोडवण्याची सोपी पद्धत

पायरी पहिली : माल मागवू नये. ही पायरी आजवर कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही, म्हणून थेट दुसरीपासून सुरुवात करू.

तुम्ही मुंबईतल्या लोहार चाळीत चक्कर मारलीत, एलईडीच्या माळेचा घाऊक भाव विचारलात, घरी येऊन चीनमधल्या यीवूचा भाव मोबाइलवर पाहिलात आणि दोन्हींतला फरक गुणिले दहा हजार असा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडलात. इथवर सगळे आयातदार सारखेच. गणपतीला अजून चार महिने आहेत, म्हणजे वेळ भरपूर आहे, असंही तुम्हाला वाटतंय. वाटू द्या.

आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, काढा. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर 500 रुपये भरायचे आणि नंबर म्हणून आपलाच पॅन परत घ्यायचा. हे इतकं झटपट होतं की पुढचंही असंच होईल असा नवशिक्याचा समज होतो. मग बँकेकडून परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा एडी कोड घेऊन तो न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवायचा. बँकेत हे काम येणारा माणूस एकच असतो आणि तो रजेवर असतो.

आता वर्गीकरण. इथे जरा टेकू, कारण खरी गंमत इथेच आहे. घोडा, खिळा, रेल्वेचं इंजिन, सुकं खोबरं, जगातली कुठलीही वस्तू 1975च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठेतरी बसावीच लागते. प्रकरणं 98, त्यातलं 77वं पुढेमागे लागेल म्हणून रिकामं ठेवलंय. कोड आठ आकडी; पहिले सहा आकडे जगभर तेच, शेवटचे दोन आपले.

तुमची माळ सणाची, म्हणून तुम्ही भाबडेपणाने 95व्या प्रकरणात शिरता. तिथे 9505 खाली सणासुदीच्या वस्तू आहेतच. पण प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचा : विजेच्या माळा इथे नकोत, त्या 9405 मध्ये. म्हणजे नुसत्या झिरमिळ्यांची माळ सणात मोडते, तिच्यात दिवे ओवले की ती सणातून उठून दिवाबत्तीत जाते. बरं, 9405 मध्ये गेलात तर तिथे तुमच्यासाठी उपशीर्षक तयार : ख्रिसमस ट्रीला लावतात त्या प्रकारच्या दिव्यांच्या माळा. बाप्पाच्या मखरावर चढणारी माळ कायद्याच्या लेखी नाताळच्या झाडाची. तिकडे 9505 मध्येही तीच तऱ्हा. नाताळला स्वतंत्र ओळ आणि गणपती, दिवाळी, ईद सगळे मिळून ‘इतर’मध्ये. भावना दुखावून घेऊ नका. कोड लिहा आणि पुढे चला.

कोड चुकला तर? 2011 पासून शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतःच करायची पद्धत आहे. चूकही अर्थातच स्वतःची.

यीवूचा विक्रेता फार प्रेमळ असतो. बिल पाठवण्याआधी तो आपणहून विचारतो, “कस्टम्ससाठी किती किंमत लिहू?” तो समोर बसलेला नसतो आणि दंडही त्याला होणार नसतो, त्यामुळे त्याचा हात सढळ. तुम्ही खरी किंमतच लिहायला सांगा. तसाच माल इतरांनी काय भावाने आणला याची नोंद कस्टम्सच्या संगणकात असते, आणि तुमचीच माळ निम्म्या भावात कशी, हा प्रश्न विचारायला त्यांना सवड असते. मग 2007च्या मूल्यांकन नियमांतल्या 12व्या नियमाने तुमची किंमत बाजूला सारली जाते आणि त्यांची लागते.

शुल्काचं गणित सोपं आहे, फक्त ते एका दमात करू नये. माल, भाडं आणि विमा मिळून किंमत समजा 100 रुपये. मूळ शुल्क समजा 20 टक्के, झाले 20. त्या 20 वर समाजकल्याण अधिभार समजा 10 टक्के, म्हणजे 2. आता या 122 वर 18 टक्के आयजीएसटी, 21.96. एकूण 43.96. कराच्या वर अधिभार आणि दोन्हींच्या वर पुन्हा कर. वहीच्या मागच्या पानावरच्या हिशेबात यातलं काहीच नव्हतं. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, हे खरं. पण भरताना पैसे तुमच्याच खिशातून जातात.

एवढ्यात कोणीतरी विचारतं, “बीआयएस आहे ना?” हा प्रश्न पैसे पाठवण्याआधी विचारायचा असतो, पण रिवाज नंतर विचारण्याचा आहे. दिव्यांच्या माळांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे आणि ती माल बनवणाऱ्या कारखान्याच्या नावावर लागते, तुमच्या नव्हे. विक्रेता “येस येस, सर्टिफिकेट” म्हणून काहीतरी पाठवेल. ते युरोपचं निघेल. नोंदणी नसेल तर माल परत पाठवा नाहीतर निकामी करा, एवढेच दोन मार्ग; बंदराच्या आसपास तिसरा मार्ग सांगणारे भेटतील, त्यांच्याबरोबर चहा प्या आणि निघून या.

आतापर्यंत तुम्ही सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणारा एजंट, गाठला असेल. कायद्याने त्याचं नाव बदलून कस्टम्स ब्रोकर झालं, त्यालाही बरीच वर्षं झाली; उरणच्या रस्त्यावर त्याला अजून कोणी तसं हाक मारत नाही. तो बिल ऑफ एंट्री भरेल. ते जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे 5,000, त्यापुढे रोजचे 10,000. पाच दिवस गाफील राहिलात तर 35,000, आणि यात सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या गोदामाचं, डिमरेज व जहाज कंपनीचं कंटेनर डिटेन्शन धरलेलं नाही. ती दोघं आपापलं मीटर वेगवेगळं चालवतात.

मग फोन येतो, “शेठ, क्वेरी आलीय.” घाबरू नका. 2020 पासून तपासणी चेहराविरहित झाली आहे : माल न्हावा शेव्याला आणि कागद पाहणारा साहेब दुसऱ्याच एखाद्या शहरात. त्याने तुमची माळ पाहिलेली नाही, पाहणारही नाही. त्याच्यासमोर आहे फक्त तुम्ही बिलात लिहिलेली ‘डेकोरेटिव्ह आयटम, 400 कार्टन’ ही ओळ. विजेची आहे का, एलईडी आहे का, लांबी किती, मॉडेल नंबर काय, तो विचारणारच. नवशिक्यांनी एवढं एकच नीट शिकावं : समुद्रातून येते ती माळ, पण कस्टम्समधून सुटतं ते तिचं वर्णन. ते आधीच चार ओळींचं लिहिलंत तर क्वेरीचे दिवस वाचतात. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि जहाज कंपनीचं बीएल या तिन्हींत कार्टनचा आकडा एकच असावा, हेही सांगून ठेवतो. नसतो.

खोक्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेलं हवं. ते यीवूत करून घ्यायचं राहून जातं. मग गोदामात चार पोरं जमिनीवर बसून एकेक कार्टन फोडतात, आतल्या प्रत्येक डबीला स्टिकर डकवतात आणि तपकिरी टेपने कार्टन पुन्हा बंद करतात. कोपऱ्यात पंखा असतो, तो भिंतीकडे तोंड करून फिरतो. पोरांची मजुरी रोजची आणि गोदामाचं भाडंही रोजचं, तेव्हा स्टिकर किती सरळ लागले याकडे लक्ष देऊ नका.

शेवटी ‘आउट ऑफ चार्ज’ मिळतो, डिलिव्हरी ऑर्डर मिळते, ट्रक निघतो. अनंत चतुर्दशी होऊन गेली असेल तर हरकत नाही. माळेवर गणपती लिहिलेलं नसतं, ती दिवाळीत खपते. दिवाळीही हुकली तर टॅरिफने तुमची सोय आधीच करून ठेवली आहे : डिसेंबरमध्ये नाताळ आहे.

फाइल मात्र रद्दीत घालू नका. शुल्क कमी भरलं म्हणून नोटीस यायला दोन वर्षांची मुदत आहे आणि काही लपवलं असं त्यांना वाटलं तर पाच वर्षांची. माळ्यावर, पावसाचं पाणी गळत नाही अशा बाजूला ठेवा.