जेटी येईपर्यंत

निघण्यापूर्वीचं ब्रीफिंग पहाटे साडेपाचला पौड रोडवरच्या एका चहाच्या टपरीवर झालं. सहा मोटरसायकली, सहा रायडर आणि वयांची बेरीज तीनशेच्या पुढे. आमचा कॅप्टन हा बँकेतून निवृत्त झालेला. सैन्याशी त्याचा संबंध मेव्हण्याच्या कँटीन कार्डापुरता. पण गुडघ्यांना गार्ड बांधले की माणसाचा आवाज बदलतो. "लीड मी, शेवटी डॉक्टर. बाकीच्यांनी मधे. कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही." मग हाताच्या खुणा झाल्या. डावा हात वर म्हणजे थांबा. मूठ उघडझाप म्हणजे इंडिकेटर चालू राहिलाय. आणि खड्डा ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचा.

ही शेवटची खूण ज्यानं शोधली तो कोकणात कधी गेलेला नसणार. ताम्हिणी उतरून माणगाव मागे पडल्यावर कॅप्टनचा उजवा पाय जो बाहेर आला, तो श्रीवर्धनपर्यंत आत गेला नाही. मागून बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ केव्हापासून उतरायला बघतोय, पण गाडीच थांबत नाहीये.

श्रीवर्धनला आम्ही सागरी महामार्गाला लागलो. रेवस ते रेड्डी, पाचशे किलोमीटरांच्या आसपासचा हा रस्ता. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०–८२ची ही कल्पना. तेव्हा आम्ही शाळेत होतो. आता आमच्यातल्या दोघांना नातवंडं आहेत आणि रस्ता अजून जोडला जातोच आहे. पण नावात केवढी जादू! सागरी महामार्ग म्हटलं की उजव्या हाताला अथांग निळाई, डाव्या हाताला माड आणि मधून आपण, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. प्रत्यक्षात उजव्या हाताला चिऱ्यांचा गडगा, गडग्यामागे पोफळी, पोफळींमागे कुणाचं तरी न्हाणीघर आणि त्याही मागे समुद्र असावा असा अंदाज. तो ऐकू येतो, त्याचा वास येतो, सुकत घातलेल्या बोंबलांचा तर फारच येतो. दिसत मात्र नाही.

केळशीच्या अलीकडे रस्ता इतका अरुंद झाला, की चुकलो असं वाटून कॅप्टननं पडवीत सुपारी कातरत बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "काका, सागरी महामार्ग कुठला?"

"हा काय, त्यावरच उभे आहात."

"हा? एवढाच?"

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. आमची जॅकेटं, हेल्मेटवर बसवलेले कॅमेरे, गाड्यांना दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पेट्या सावकाश न्याहाळल्या. "मग तुम्हाला कितीसा हवा होता?"

पुढे आडे-पाडल्याजवळ मात्र काही ध्यानीमनी नसताना वळणावरून समुद्र एकदम चाकाशी आला. सहाही जणांनी एकाच वेळी डावा हात वर केला. कोण कुणाला थांबायला सांगत होतं, देव जाणे. तिथे पाऊण तास गेला. त्यातला अर्धा फोटोत पोट दिसू नये म्हणून जागा बदलण्यात.

पण या रस्त्याचा खरा मालक समुद्र नव्हे, खाडी. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. सह्याद्रीतून आलेली अशी एकेक नदी महामार्गाला आडवी येते आणि महामार्ग निमूटपणे पाण्यात उतरतो. पलीकडे न्यायला जेटी असते. जेटी म्हणजे खरं तर धक्का, पण इथे बोटीलाही जेटीच म्हणतात. पूर्ण नाव जंगल जेटी. जंगलाचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द जंगार, तो आला पोर्तुगीज जंगाडावरून, आणि कोकणी जिभेनं त्याचं जंगल करून टाकलं. पहिल्या दिवशी बाणकोट खाडीच्या अलीकडे बागमांडल्याला आम्ही चुकलेल्या जेटीकडे चाळीस मिनिटं बघत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दाभोळला पाऊण तास. कॅप्टनच्या वेळापत्रकात या दोन्ही खाड्यांना मिळून दहा मिनिटं होती.

दाभोळला खाडी न ओलांडता गुहागरला जायचं तर चिपळूणला वळसा, शंभराहून जास्त किलोमीटर. त्यामुळे धक्क्यावर सगळे एकाच रांगेत: ट्रॅक्स, टेम्पो, लग्नाचं वऱ्हाड, पाटी घेतलेल्या मावश्या, शेळी आणि आम्ही. जेटी आली, मोटरसायकली गाड्यांच्या फटींत कोंबल्या गेल्या. पाण्यावर गार वारा सुटला, पलीकडचं धोपावं हळूहळू मोठं होत गेलं आणि डॉक्टर पहिल्यांदाच रक्तदाब सोडून दुसऱ्या विषयावर बोलले.

धोपाव्याला लोखंडी फळी खाली पडली आणि कॅप्टनची गाडी सुरू होईना. स्टार्टर दाबला, हूं नाही की चूं नाही. मागून टेम्पोनं हॉर्न धरला. वऱ्हाडानं सल्ले धरले. डॉक्टरांनी गुडघे टेकून प्लग तपासला. प्लगमधलं त्यांना काय कळतं कोण जाणे, पण कान लावून ऐकलं. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. पेट्रोल होतं. ते बघून मी झाकण लावलं. एकानं बॅटरी गेली असं जाहीर केलं, दुसऱ्यानं चिपळूणहून मेकॅनिक बोलवायला फोन काढला, त्याला रेंज नव्हती. कॅप्टन घामाघूम, इतके गार्ड बांधलेले, की वाकून बघायचीही सोय नाही.

पाटी डोक्यावर घेऊन उतरायला थांबलेली एक मावशी हे सगळं शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "अवो, ता लाल बटान वर करा की."

उजव्या मुठीजवळचं इंजिन बंद करायचं बटण. ते खाली होतं. वर केलं, गाडी पहिल्या दाबात सुरू.

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

तिनं पदराला धरून उभ्या असलेल्या चार वर्षांच्या नातवाकडे बोट दाखवलं. "ह्यानंच दाबलान मगाशी."

मगाशी म्हणजे दाभोळ सोडताना. तेव्हापासून बाईंनी एक अक्षर काढलं नव्हतं. आमची सगळी शस्त्रक्रिया होऊ दिली आणि मग बोलल्या.

गुहागरला एका घरगुती खाणावळीत एक वाजताचं जेवण सांगून ठेवलं होतं. पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. काकू दारातच उभ्या. "तुम्ही एक म्हणाला होतात. रात्रीचा म्हणायचा होता का?" असं म्हणत त्यांनी पानं मांडली. नारळाच्या रसातली कोळंबी, तांदळाची भाकरी, वाटीऐवजी तांब्यानं दिलेली सोलकढी. कॅप्टननं गार्ड सोडून पायरीवर ठेवले ते पुण्याला परत येईपर्यंत बांधलेच नाहीत. लीड कोण आणि मागे कोण, हेही त्यानंतर कुणी विचारलं नाही.

या खाड्यांवर आता मोठे पूल व्हायचे आहेत. ते झाले की एकचं जेवण एकला मिळेल. तोवर जाणार असाल तर जेवण तीनचं सांगा, आणि जेटीवर गाडी लावल्यावर आसपास चार वर्षांचं पोर आहे का, तेवढं बघून ठेवा.