सही जुळत नाही

बँकेत मी एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी चेकवरची सही कार्डावरच्या नमुन्याशी ताडून पाहण्यात गेली. 'क'ची शेपटी जरा आखूड वाटली की चेक परत. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक आपल्या नजरेतून सुटायचा नाही, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या जुलैत शिकागोजवळच्या लाइल गावी ती भर उन्हात मोडली. मोडली कुणी, तर पिवळ्या रानफुलांनी.

मुलाकडे गेलो होतो. शनिवारी तो आम्हा दोघांना मॉर्टन आर्बोरेटममध्ये घेऊन गेला. मिठाचे व्यापारी जॉय मॉर्टन यांनी १९२२ साली काढलेली ही वृक्षबाग. तिच्या एका अंगाला मोठं माळरान आहे; १९६२ पासून माणसांनी बी पेरून, तण उपटून वाढवलेलं. माळरान मुद्दाम लावतात हे ऐकून मला हसू फुटलं.

"हसू नका, बाबा," मुलगा म्हणाला. "या इलिनॉयमध्ये एके काळी दोन कोटी वीस लाख एकर असं रान होतं. १८३७ मध्ये जॉन डिअरनं पोलादी नांगर केला, त्याला ही चिकट काळी माती दाद द्यायला लागली, आणि सगळीकडे शेती झाली. आता धड स्थितीतलं रान उरलंय अडीच हजार एकर."

माझं हसू आटलं. मिनिमम बॅलन्सच्या इतकं खाली गेलेलं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

माळ दाखवायला सत्तरीच्या एक स्वयंसेविका बाई होत्या. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात भिंग. कमरेइतक्या गवतात पिवळी फुलं डोलत होती. मधे काळसर बोंड, भोवती पाकळ्या. आदल्या रात्री मी पुस्तक वाचून गेलो होतो. "ब्लॅक-आइड सुझन!" मी जाहीर केलं.

"व्हेरी क्लोज," बाई म्हणाल्या.

पुढच्या झुडपापाशी मी पुन्हा तेच नाव घेतलं. "व्हेरी क्लोज." तिसऱ्यांदाही तेच. अमेरिकेत 'चूक' या शब्दाला हा प्रतिशब्द आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"तुम्ही चेहरा बघताय," बाई म्हणाल्या, "पान बघा." आणि मला उकिडवं बसवलं. गुडघ्यांनी आवाज केला तो मुलालाही ऐकू गेला.

मी वही काढून नमुने उतरवू लागलो. खरी ब्लॅक-आइड सुझन ती, जिचं पान अखंड आणि दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखं खरखरीत. तिचे डोळे काळे नाहीतच, गडद तपकिरी आहेत. म्हणजे नावातच खाडाखोड! ब्राउन-आइड सुझनचे डोळेही काळपटच, पण फुलं लहान, झुडपावर ढिगानं, आणि खालची पानं तीन भागांत चिरलेली. तेवढ्यात तीन भागांचीच पानं असलेली आणखी एक पुढे आली. हिचं पान मात्र मखमली. ही स्वीट कोनफ्लॉवर, पान चुरगळलं की बडीशेपेचा वास येणारी.

माळावर काही खुडायचं नसतं, म्हणून बाईंनी पान देठावरच हलकेच चोळायला सांगितलं. सौभाग्यवती पुढे झाल्या. मेथी निवडण्यात हयात गेलेली बोटं ती. "अहो, बडीशेपच!" मग उत्साहाच्या भरात त्यांनी शेजारचं बोंडही चोळलं. तिथंही बडीशेप! पण हिच्या पाकळ्या वाळत घातलेल्या धोतरासारख्या खाली लोंबत होत्या आणि बोंड राखाडी होतं. ही ग्रे-हेडेड कोनफ्लॉवर, घराणंच वेगळं. आधीच्या तिघी रुडबेकिया, ही रॅटिबिडा.

ओढ्याकाठी तर माझ्या डोक्यावरून गेलेली एक उभी होती: बोंड हिरवट, पानं खोल कातरलेली. हिची कोवळी पानं चेरोकी लोक 'सोचान' म्हणून वसंतात भाजी करून खातात. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात ती खुडायला त्यांना २०१९ मध्ये रीतसर परवानगी मिळाली, असं बाई सांगत होत्या. सौ.ना परवानगीत रस नव्हता. "फोडणी कसली घालतात?" त्यांनी मला विचारायला लावलं.

शेवटी बाईंनी भिंग हातात दिलं. बोंडावर शेकडो इवली फुलं दाटीवाटीनं बसलेली दिसली. कडेच्या ज्यांना मी पाकळ्या म्हणत होतो, त्याही प्रत्येकी एक अख्खं फूल. म्हणजे मी ज्याला एक फूल समजत होतो ते शेकडो जणांचं संयुक्त खातं होतं, आणि मी सही पाहत होतो फक्त एकाची!

घरी परतलो तर शेजाऱ्यांच्या वाफ्यातही लोंबत्या पिवळ्या पाकळ्या. वही उघडून "रॅटिबिडा" म्हणणार, तोच बोंडाकडे लक्ष गेलं. ते तपकिरी आणि काटेरी होतं, पानं लांब आणि अखंड. ती निघाली एकिनेशिया, ओझार्कच्या डोंगराळ भागातली. तिच्या बाकी बहिणी गुलाबी-जांभळ्या, ही एकटी पिवळी. म्हणून शास्त्रज्ञांनी तिचं नावच 'पॅराडॉक्सा' ठेवलंय. आणि बोलीभाषेत हिलाही यलो कोनफ्लॉवर म्हणतात, लोंबत्या रॅटिबिडालाही. आमच्या शाखेत चौदा एस. आर. जोशी होते, पण त्यांना निदान खातेक्रमांक होते.

एकतीस वर्षं मी वरची सही बघून माणसं पास केली. कितीजणांच्या बाबतीत 'व्हेरी क्लोज' झालं असेल, देव जाणे. तेव्हा वाचकहो, पिवळं फूल दिसलं तर नाव सांगायची घाई करू नका. आधी वाका, पान बघा, चोळून वास घ्या. गुडघे साथ देत नसतील, तर नुसतं "छान आहे" म्हणा. त्यात चूक निघत नाही.