उतारा किती पडतो?

संशोधकाचा प्रभाव मोजायला २००५ मध्ये हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने 'एच-निर्देशांक' काढला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, की निर्देशांक दहा. नेमणूक समित्यांना तो भलताच आवडला. वाचायची कटकटच मिटली. पोती मोजून संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा ठरवण्यातला हा प्रकार.

आता या मापात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना बसवा. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा इतिहास सांगणारं त्यांचं पुस्तक १९२४ चं. एका पुस्तकाचा हजारांनी उल्लेख केला, तरी निर्देशांकात त्याची भर एकाचीच. राज्यांना केंद्राचं साहाय्य वाटायचं सूत्र १९६९ मध्ये त्यांच्या नावाने आलं, लोकसंख्येला साठ टक्के वजन देणारं. पण अर्थसंकल्पाला तळटिपा नसतात. वर हे गृहस्थ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष! ते काम कुठल्या मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आलं म्हणे? शून्य गुण.

समितीने हंगामात एकदा संकेश्वरला यावं. हिरण्यकेशी सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, मागे लोंबणारं वाढं, ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी, आणि उसातून साखर किती निघते, त्या उताऱ्याची चर्चा. गाडगीळांनी ज्याला हातभार लावला, त्या सहकारी साखरेचा हा पसारा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि एकाही संदर्भसूचीत तो मावत नाही. रांगेतल्या एखाद्या ड्रायव्हरला गाडगीळांचा एच-निर्देशांक सांगून बघा. तो तंबाखू मळत विचारेल, "व्हय, पण उतारा किती पडतोय त्येचा?"