सादळलेले ब्रेक

माझ्या शर्टाच्या खिशाला जे पेन लावलेलं असतं, त्याने लिहिता येत नाही. त्याच्या टोकाला दोन बारीक सळया आहेत आणि अंगावर दिव्यांची ओळ. कुठेही कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं, की मी ते ब्रेक ऑइलच्या डबीत बुडवतो. हिरवा दिवा लागला तर मालक खूश, लाल लागला तर मी.

खरं तर मला प्रसिद्धी हवी होती ती गाडीमुळे. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर : पलंग, शेगडी, बेसिन, मान वाकवून वापरायचा संडास. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते माझा कल पाहूनच आणलं असावं, अशी माझी समजूत आहे. महाडातली माणसं कौतुकाने बघायला येत. बायका बेसिनचा नळ सोडून पाहत, पोरं पलंगावर उड्या मारत, पुरुष ‘ॲव्हरेज काय देते?’ विचारत. हे साडेतीन टनांचं घर थांबतं कसं, असं मात्र एकानेही विचारलं नाही. त्यामुळे मलाच न विचारता सांगावं लागलं.

ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. डबीच्या झाकणातून, रबरी पाइपांच्या अंगातून, मिळेल तिथून. माझं पेन तीच ओल मोजतं. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती हमी १४० वर येते. डॉट ४ चं २३० वरून १५५. घाटात ब्रेक तापले की या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल तळाला टेकतं आणि गाडी आपल्याच चालीने जात राहते. यातला खरा बेरकीपणा पुढे आहे. गाडी तासभर उभी राहिली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल कडक. मिस्त्री दाबून बघतो आणि म्हणतो, “काय नाय साहेब, ब्रेक एकदम टाइट हायत. वाटलं तर वरून थोडं ऑइल टाकतो.”

आता विषय ओलीचा निघालाच आहे, तर महाडकराला थोडं बोलू द्या. रायगड जिल्ह्यात पाऊस सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे पडतो हे शाळेच्या पुस्तकात असतं. तो पडत नसताना काय होतं, हे कुणी लिहीत नाही. आषाढ लागला की आमच्या घरात घट्ट अशी वस्तू उरत नाही. मीठ बरणीला धरून बसतं. काडेपेटीतल्या काड्या पेटण्याऐवजी वाकतात. पाकिटं आत पत्र घालण्याआधीच स्वतःला चिकटवून घेतात. न्हाणीघराचं दार फुगून बसत नाही, म्हणून पाहुण्यांना अंघोळ होईपर्यंत गावं लागतं; त्यातले काही बरे गातात. कपाटातल्या कातडी चपलांवर हिरवी मखमल चढते. शेजारचे तबलजी चतुर्थीच्या आधी महिनाभर तबला बल्बखाली शेकत ठेवतात. लग्नाच्या अल्बममधले फोटो एकमेकांना असे चिकटले, की सोडवताना माझी त्या वेळची झुबकेदार मिशी सासूबाईंच्या शालूच्या काठावर गेली. ती तिथे माझ्यापेक्षा शोभते, असं घरात मत आहे. पापड तर विचारूच नका. डब्यात डबा, त्यात पिशवी, पिशवीत पापड. तरी गोकुळाष्टमीला काढावा तर तो रुमालासारखा घडी होतो. ब्रेक ऑइल नेमकं या पापडासारखं सादळतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण चांगला मुद्दा असला की मी तो लवकर संपवत नाही.

“अहो, मग त्या डबीला घट्ट झाकण का नाही लावत?” बायकोने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. मी तरी तोडला. लायनर झिजले की ऑइलची पातळी खाली जाते, त्या जागी हवा आत यायला वाट लागते, झाकणाखाली रबरी पडदा असतो, वगैरे. ती तोपर्यंत भाजीला फोडणी देऊन आली होती.

पोलादपूरच्या नाक्यावर तर मी चहाच्या बिलामागे हिशोब मांडला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. तिथून आंबेनळी घाटाने साडेतीन टन खाली आणायचे म्हणजे बाराशे मीटरच्या वर उतार. तेवढी उष्णता शंभराहून जास्त लिटर पाणी उकळायला पुरते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन सोसतं. न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायला गेलात तर बहुतेक सगळी ब्रेकवर. चहावाल्याने बिल हातात घेतलं, आकड्यांकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, “काका, यात चहाचे पैशे कुठं लिवलेत?”

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पेन पोरकटपणा वाटतो. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांच्या ब्रेकात ऑइल नव्हतं, हवा होती. पण हवा आमच्याकडची, म्हणून तिच्यातही पाणी. रोज सकाळी टाकीखालचा कॉक उघडायचा, फुस्स करून गढूळ पाणी सोडायचं, मगच गाडी काढायची. कुणी बघो न बघो. घाटाबद्दल त्यांचं एकच वाक्य : चढलास ज्या गिअरात, उतरायचं त्याच गिअरात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा, सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. त्यात गेल्या. बातमी कळल्यावर अण्णांनी रेनकोट चढवला आणि नदीवर निघाले. आम्ही दारात अडवलं. “ड्रायव्हरला वरनं काय बी दिसलं नसंल रे,” एवढंच म्हणाले आणि रेनकोट अंगात ठेवूनच बसून राहिले. पुढच्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला, त्यावरून जाताना ते बोलायचे थांबतात.

तेव्हापासून ‘काय होतंय, चालतंय की’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात बाजारपेठेतल्या गाड्या बुडाल्या. लोकांनी सीट वाळवल्या, इंजिनं खोलली, अत्तर मारलं. ब्रेक ऑइल बदललंत का, म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांची जात विचारली.

आमच्या गाडीचं मी दर दोन वर्षांनी बदलतो. बायको पेडलवर, मी चाकाखाली. लांबचं चाक आधी. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत बुडवलेलं. “दाब. धरून ठेव. सोडू नको हं!” पान्याने निपल पाव फेरा सैल केला की आधी काळपट तपकिरी ऑइल येतं, मधेच एखादा बुडबुडा, आणि शेवटी सोनेरी, नितळ. मागच्या खेपेला मी खालून ओरडलो, “बघ, कसं आलंय!” वरून आवाज आला, “लग्न झाल्यापासून दाब म्हणाल तेव्हा दाबतेय नि धर म्हणाल तेव्हा धरतेय. आता सोडू का?” हे ऑइल रंगही खातं. गाडीवर मी हौसेने ‘सह्याद्रीचा राजा’ लिहून घेतलं होतं; मागच्या चाकावरचा ‘राजा’ गेला. बायको म्हणाली, बरं झालं, आता सह्याद्रीचा कोण ते लोकांना ठरवू दे.

त्याच आठवड्यात अण्णांना पुढच्या सीटवर बसवून महाबळेश्वरहून उतरलो. अख्खा घाट त्यांचा उजवा पाय नसलेलं पेडल दाबत होता. माझा दुसरा गिअर त्यांनी कानानेच ओळखला, पण कबुली दिली नाही. पोलादपुरात गाडी लावून मी शेगडी पेटवली, पलंग उलगडला आणि जाहीर केलं, आज मुक्काम आपल्या फिरत्या घरात.

अण्णांनी पलंगाकडे पाहिलं, संडासाकडे पाहिलं. “ब्रेक बरे लागतात,” ते म्हणाले. “पण घर अर्ध्या तासावर असताना रस्त्यात कोण झोपतं रे? काढ गाडी.”

बायकोने पलंग आधीच मिटला होता.