समुद्राकडे तोंड, गावाकडे पाठ

शुक्रवारी संध्याकाळी धारवाडहून अळणावर, रामनगर करत अनमोड घाटाकडे दोन प्रकारची वाहनं निघतात. एक पांढरी एसयूव्ही. तिच्यात बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतले साहेब; डोळ्यांवर गॉगल, हातात गुगल. दुसरी खच्चून भरलेली बस. तिच्यात गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी. कुणी धारवाड तालुक्यातला, कुणी गदगचा, कुणी बागलकोटचा. पहिला गोव्यात घर घ्यायला चाललाय, दुसरा ते बांधायला. गोव्यात पहिल्याला ‘इन्व्हेस्टर’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘घाटी’. घाट मात्र दोघं एकच उतरतात.

धारवाडला एके काळी पेन्शनरांचा स्वर्ग म्हणायचे. हवा थंड, रस्ते शांत, पेढा खमंग. आता स्वर्गवासीयांनाही सेकंड होम लागतं. दलालाचा मेसेज ठरलेला असतो: ‘सी व्ह्यू, रेंटल इन्कम, पीसफुल लोकॅलिटी.’ सी व्ह्यू म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत टाचा उंचावल्यावर दोन माडांच्या मधून दिसणारी निळी चिंधी; समोरच्या शेतात पुढची इमारत उठेपर्यंत तीही आपलीच. रेंटल इन्कमचं गणित दलालाच्याच कॅल्क्युलेटरवर जमतं. पीसफुलबद्दल मात्र तो शंभर टक्के खरं बोलतो. आजूबाजूच्या घरांत कुणी राहातच नाही, मग गोंगाट करणार कोण?

2011 च्या जनगणनेनं गोव्यातली घरं मोजली तेव्हा सुमारे सव्वा लाख घरं रिकामी निघाली. म्हणजे साधारण पाचातल्या एका दाराला कुलूप. त्यानंतर किनारपट्टीत क्रेनांनी काय सुट्टी घेतलेली नाही. तरी ‘गोव्यात घरांची टंचाई आहे’ हे वाक्य तिथला नोकरदार रोज म्हणतो, आणि ते खोटं नाही. घरं आहेत, त्यांत राहायचं भाडं परवडत नाही. वर्षाच्या कराराला घर मागायला जा. मालक विचारतो, ‘डिसेंबरात खाली कराल ना?’ कारण डिसेंबरात त्याच खोलीला एका आठवड्यात तुमचं महिन्याचं भाडं सुटतं.

आता कायद्याची गंमत. 2023 मध्ये गोवा सरकारनं कायदा केला की भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायची नाही. टाळ्या! त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आलं. प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीनं एखादा भूखंड भलत्याच रंगात रंगला असेल, तर ती चूक दुरुस्त करायची सोय. मग लाखो चौरस मीटरांच्या चुका सापडू लागल्या. नजर चुकली तीही कशी, तर दुरुस्तीनंतर शेत, बाग, डोंगरउतार यांची हटकून वसाहत व्हावी अशी. शेत विकायला बंदी आहे ना? मग ते आधी नकाशावर शेत राहायला नको, इतकंच. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं या कलमाखालचे नियम रद्द केले. पण तोवर 2024 मध्ये 39 अ नावाचं दुसरं कलम येऊन बसलं होतं, तेही जमिनीचा झोन बदलून देणारं. एक दार बंद व्हायच्या आत दुसरं उघडं. वास्तुशास्त्र म्हणतात ते हेच.

कुलुपांनी गावाचं काय बिघडतं, असं साहेब विचारतात. घरपट्टी भरतो, वॉचमन ठेवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अध्यात-मध्यात असण्यालाच गाव म्हणतात. खाजन शेतीचं बघा. खाडीचं खारं पाणी अडवून बांधामागे भात पिकवायचं, ही गोव्याची शेकडो वर्षांची करामत. बांधाला लाकडी फळ्यांची झडप असते, तिला मानस म्हणतात. भरतीला मिटायची, ओहोटीला उघडायची. झडप कुजली, खेकड्यांनी बांध पोखरला, की एका रात्रीत खारं पाणी शेतात. अशा वेळी माणसं धावावी लागतात. पूर्वी गावकारीच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनी सामाईक, म्हणून बांधाची काळजीही सामाईक. आज बांधालगतच्या व्हिलात सीसीटीव्ही आहे. बांध फुटताना त्याचं उत्तम चित्रण होईल आणि मालकाला ते बेंगळुरूत मोबाइलवर दिसेल.

पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचंही, तेच. पहाटे सायकलच्या भोंप्याचा पों-पों, टोपलीत गरम पोई आणि उंडे. ज्या वाड्यावर दहातली सहा दारं बंद, तिथे सायकल वळवायची कशाला? या आवाजाचा व्हिडिओ काढून ‘गोवन मॉर्निंग्ज’ म्हणून टाकणारे पुष्कळ. पाव घेणारे कमी. आणि त्या पोईची भट्टी तरी आज कोण पेटवतं? कित्येक ठिकाणी कर्नाटकातून आलेली पोरंच. गोंयकारपणाचा नाश्ता घाट्याच्या हातचा!

तर हा घाटी राहतो कुठे? बांधकाम चालू असेतोवर पत्र्याच्या खोपीत. नंतर एका खोलीत सहा-सहा जण. 2004 मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर बुलडोझर फिरला तेव्हा कर्नाटकातून आलेल्या कित्येकांची खोपटंही गेली. समुद्र त्यांच्याही दारात होता. त्याला सी व्ह्यू कुणी म्हणालं नाही, अतिक्रमण म्हणाले. घर आहे तिथे माणूस नाही आणि माणूस आहे तिथे घर नाही. मात्र ‘बाहेरच्यांनी गोवा बिघडवला’ असं भाषण होतं तेव्हा बोट बहुधा बसमधल्या दुसऱ्याकडे वळतं. एसयूव्हीतला पहिला भाषणाला नसतोच. ग्रामसभा रविवारी असते. तो आदल्या रात्रीच्या पार्टीतून उठलेला नसतो, आणि तिथल्या मतदारयादीत त्याचं नावही नसतं.

गोवेकरांनाही मोकळं सोडायला नको. सव्वा लाखातली काही कुलुपं त्यांचीच आहेत. तिथल्या पोर्तुगीज वळणाच्या वारसा कायद्यात सगळ्या भावंडांचा हिस्सा. एक लिस्बनला, एक लंडनला, एक टोरांटोला. सगळ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या जमेपर्यंत छप्पर खाली येतं. सह्या जमल्या की तिसऱ्या दिवशी दलाल दारात. अन् हा दलाल बहुतेक वेळा गावचाच. सकाळी ग्रामसभेत ‘मेगा प्रोजेक्ट नाका!’, दुपारी सातबाराचा तिथला भाऊ असलेला एक-चौदाचा उतारा बगलेत मारून गिऱ्हाइकाबरोबर. जमीन विकते कोण आणि रडते कोण, याचा उतारा मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

जगात इतरांनी यावर डोकं चालवलं आहे. फ्रान्सच्या ओलेरों बेटावर सुट्टीपुरतं राहणाऱ्या शेजाऱ्यांनी मॉरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून कोर्टात खेचला. 2019 मध्ये कोंबडा जिंकला, आणि 2021 मध्ये फ्रान्सनं खेड्यातल्या आवाजांना, वासांना वारसा मानणारा कायदाच केला. आपल्याकडे जत्रेचा ढोल आणि सुक्या मासळीचा वास यांवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज खटला चालतो, फक्त मॉरिसला वकील नाही. इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या किनाऱ्यावरच्या गावानं 2016 मध्ये सार्वमत घेतलं आणि नव्या बांधकामात सेकंड होमला मनाई केली. पैसेवाल्यांनी काय केलं? जुनी घरं विकत घेतली. नुसत्या मनाईला पैसा वळसा घालून जातो. वेल्सनं वेगळी वाट धरली: एप्रिल 2023 पासून तिथल्या स्थानिक संस्थांना सेकंड होमवर आणि दीर्घकाळ रिकाम्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर 300 टक्क्यांपर्यंत जादा आकारणी करता येते.

पण वेल्सपर्यंत जायची तरी काय गरज? गोव्याच्याच पोटात उत्तर आहे. 1975 चा मुंडकार कायदा आठवा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला या कायद्यानं संरक्षण दिलं, राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. कागदावर जमीन कुणाची, याच्याइतकंच तिथे कोण राहतं याला वजन आहे, हे गोव्याच्या विधानसभेनं तेव्हाच मान्य केलं होतं. पन्नास वर्षांत भाटकार बदलला. पूर्वी तो गावात राहून दरारा ठेवायचा. आता दिल्ली, मुंबई, धारवाडला राहून पासवर्ड ठेवतो.

म्हणून घरपट्टी माणसाच्या गावावरून किंवा भाषेवरून नको, कुलुपावरून लावा. विजेचं बिल खोटं बोलत नाही. बारा महिने दिवा लागतो त्याला साधा दर, मग तो साळगावचा असो की सौंदत्तीचा. डिसेंबरपुरताच लागतो त्याला चौपट, मग तो दिल्लीचा असो की लंडनला गेलेला म्हापशाचा. त्या पैशातून बांध दुरुस्त करा, आणि गवंड्याला राहायला चार भिंती द्या.

साहेब चिडतील, ठाऊक आहे. त्यांचा युक्तिवादही आत्ताच ऐकू येतो: ‘हा अन्याय आहे. एवढी घरपट्टी आम्ही का भरायची? आम्ही तर तिथे राहातसुद्धा नाही!’